पिवळं की हिरवं?

डोळे मिटा बरं क्षणभर. समोर एक काचेची टाकी आणा. तुमचं दप्तर उभं मावेल एवढी उंच आणि मांजर आडवं झोपेल एवढी लांब. तळाशी बारीक खडे पसरा, वर नळाचं पाणी भरा. आता त्या पाण्यातून पलीकडच्या भिंतीकडे बघा. कॅलेंडरातल्या तारखासुद्धा वाचता येतायत ना? इतकं स्वच्छ पाणी! मग सांगा, यात मासा सोडाल का?

'हो' म्हणालात. भिंगरीही हेच म्हणाली होती.

भिंगरी हे तिचं लाडाचं नाव. पाय एका जागी ठरत नसत, म्हणून पडलेलं. तिच्या हातून काय काय गेलं होतं! कपांचे कान, घड्याळाची काच, मावशीच्या खिडकीतली दोन रोपं... रोपं तर तिने प्रेमानेच मारली होती, दिवसातून चारदा पाणी घालून. घरात कुणी ना कुणी म्हणायचंच, "हिच्या हातात काही टिकत नाही." म्हणणाऱ्याला त्यात काही वाटत नसे. भिंगरीला वाटायचं. ती हसून घ्यायची आणि मग हात पाठीमागे लपवायची.

तिची आई दवाखान्यात नर्स होती. म्हणून शाळा सुटली की भिंगरी मावशीकडे. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. तिला भिंगरीचे ते लपवलेले हात दिसायचे. म्हणून एक दिवस तिने जुन्या सामानाच्या दुकानातून एक काचेची टाकी घेतली. पोरीच्या हातात एकदा काहीतरी टिकू दे, एवढीच तिची इच्छा.

दोघी टाकी दोन बाजूंनी धरून निघाल्या. टाकी जड, गल्ली चढाची. दमल्या आणि एका दुकानाच्या पायरीवर ती टेकवून उभ्या राहिल्या.

"अहो, तिथे नको! कुणाचा तरी पाय लागेल." आतून एक माणूस धावत आला. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, हात ओले.

"जरा दम खातोय हो," मावशी म्हणाली. "पायरीचं भाडं लावू नका."

"भाडं नाही. पण दम आत येऊन खा. इथे आधीच पुष्कळ जण श्वास घेतायत."

दोघींनी आत डोकावलं. भिंतभर टाक्या, आणि प्रत्येक टाकीत वर वर जाणारे बुडबुडे. मासेच मासे! भिंगरीने त्या माणसाचं नाव तिथल्या तिथे ठेवून टाकलं. बुडबुडेकाका.

"मला ते केशरी द्या," ती म्हणाली. "आणि ते पट्ट्यांचे. आणि तो कोपऱ्यातला रागावलेला."

"आज नाही."

"संपले वाटतं?" मावशीने भिंतीकडे बघत विचारलं.

"मासे आहेत. तुमचं पाणी कच्चं आहे."

"कच्चं? मग उकळून आणते."

"उकळलंत तर मासे शिजतील." तो अगदी गंभीरपणे म्हणाला... मग ओठाचा एक कोपरा जरासा हलला. मावशीला तो कोपरा दिसला. नको तेवढा दिसला.

"दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता. असं दुकान चालतं का?"

"चालत नाही. रांगतं."

मग त्याने भिंगरीला समोरच्या स्टुलावर बसवलं आणि समजावलं. मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीचं विष होतं. त्याला अमोनिया म्हणतात. ते दिसत नाही आणि मासा मरेपर्यंत कळतही नाही. नदीत ते वाहून जातं, पण टाकीत जाणार कुठे? मात्र पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात. त्यांतले काही हे विष खातात आणि दुसरं विष मागे ठेवतात. आणखी काही जीव ते दुसरं खाऊन जवळजवळ निरुपद्रवी करून टाकतात. हे सगळे राहतात कुठे? पाणी गाळणाऱ्या स्पंजात.

"पण ते एका रात्रीत येत नाहीत," तो म्हणाला. "त्यांना आधी वस्ती करू द्यावी लागते. नळाचं पाणी उघड्या बादलीत ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीनचा वास उडून जातो. मग टाकी भरायची, स्पंज चालू करायचा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं."

"मासे नसताना?" भिंगरीचे डोळे मोठे झाले. "रिकाम्या टाकीला जेवायला घालू?"

"हो. ज्यांना आपण बघू शकत नाही, त्यांच्यासाठी."

त्याने आपल्या जुन्या टाकीतला स्पंजाचा एक तुकडा कापून पिशवीत घातला. मुरलेल्या वस्तीतली थोडी माणसं नव्या गावाला पाठवावी, तसा. पिशवी मावशीच्या हातात देताना तो म्हणाला, "आठवड्याने पाणी घेऊन या. तपासू."

"आणि नाही आले तर?"

"तर... पाण्याचं काय झालं, ते मला कळणार नाही."

दोघंही पाण्याबद्दलच बोलत होते, बरं का.

त्या आठवड्यापासून मावशीच्या पर्समध्ये डोळ्यांच्या औषधाची एक धुतलेली रिकामी बाटली आली. तिच्यात टाकीतलं पाणी भरायचं आणि दोघींनी दुकानात जायचं. बुडबुडेकाका ते पाणी छोट्या काचनळीत ओतायचा, औषधाचे थेंब टाकायचा, बूच लावून नळी वरखाली करायचा. मग थांबायचं. हळूहळू रंग चढायचा. पिवळा राहिला तर विष नाही. हिरवा झाला तर आहे, आणि जितका गडद तितकं जास्त. दुसऱ्या विषाची नळी वेगळी होती, पण आपल्या गोष्टीला ही एक पुरे.

आणि त्याची एक लकब होती. रंग चढला की तो नळी पांढऱ्या कागदापुढे धरायचा आणि विचारायचा, "आता तुम्ही सांगा. कसा दिसतोय?"

प्रत्येकाला विचारायचा. म्हाताऱ्यांना, पोरांना, घाईत असलेल्यांना. लोक नळीशी डोळा नेऊन नीट बघायचे, रंगांच्या तक्त्याशी ताडून बघायचे आणि मग सांगायचे. गल्लीत त्याचं कौतुक व्हायचं. किती छान शिकवतो! आपल्यालाच बघायला लावतो.

"हिरवा," भिंगरी सांगायची. "गवतासारखा."

"मग अजून थांबू."

थांबणं मावशीला मुळीच जड जात नव्हतं. नळी वरखाली होत असताना तिला त्याच्या मनगटावरची ओल दिसायची. कधी नळीच्या पलीकडून त्याचा डोळा दिसायचा. काचेमुळे वाकलेला, मोठा, आणि सरळ तिच्याकडे बघणारा.

"माझ्याकडे काय बघताय? पाण्याकडे बघा."

"तुम्ही डोळे तपासता म्हणे. म्हटलं, माझे फुकटात तपासून होतील."

"फुकटात फक्त एकच सांगते. पापणी लववा मधूनमधून."

तिची छत्री एकदा दुकानातच राहिली. हिरवीगार छत्री होती ती, कोवळ्या पानासारखी. दुसऱ्या दिवशी तो ती घेऊन तिच्या दुकानाच्या दारात उभा. "तुमची ती तपकिरी छत्री... राहिली होती."

"तपकिरी?" ती खळखळून हसली. "पुरुषांना रंग म्हणजे चारच ठाऊक असतात."

तोही हसला. थोडा उशिरा.

दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणारी बाई, पण त्याच्या डोळ्यांत ती नुसती बघत राहिली. तपासायचं तिला सुचलंच नाही.

"दर आठवड्याला पाणी घेऊन कुठे निघता गं?" भिंगरीच्या आईने एकदा विचारलं. "मला तर कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतंय."

"मुरतंयच, ताई. म्हणून तर तपासायला नेते."

मग तो दिवस आला. नळीतला हिरवा आठवड्यागणिक फिकट होत चालला होता. त्या दिवशी भिंगरी कोपऱ्यातल्या टाकीतल्या रागावलेल्या माशाला वाकुल्या दाखवत होती. काकाने नळी हलवून ठेवली, पण त्याचं लक्ष नळीत नव्हतं.

"उद्या दुकान बंद असतं माझं," तो म्हणाला. "कालव्यावर... वारा चांगला असतो संध्याकाळी."

"बरं मग?"

"मग काही नाही. वाऱ्याबद्दल सांगत होतो."

"वाऱ्याला कुणी एकटं भेटायला जात नसेल, नाही का?"

तो लाजला. कानापर्यंत लाजला. घाईने नळी उचलून त्याने कागदापुढे धरली. "सांगा. कसा दिसतोय?"

"आज तुम्ही सांगा," ती म्हणाली. "दर वेळी आमच्याकडूनच काय वदवून घेता? मला नाही बघायचं तिकडे."

आणि खरंच, तिने बघितलं नाही. ती त्याच्याकडे बघत होती.

तो थांबला. नळी दिव्याखाली नेली. परत आणली. त्याच्या कपाळावर एक बारीक आठी आली आणि गेली. त्याला म्हणता आलं असतं, 'भिंगरीला बोलवा.' भिंगरी चार पावलांवर होती.

"पिवळा," तो म्हणाला. "घेऊन जा मासे."

बघा, इथे जरा थांबू या. एकाने न ओळखता सांगितलं आणि दुसरीने न बघता मानलं. दोघांनाही त्या क्षणी फार सुख झालं होतं. काही चुका अशाच होतात. त्यांत वाईट कुणाचंच मन नसतं.

भिंगरी पाण्याची पिशवी छातीशी धरून मावशीच्या घरी आली. पट्ट्यांचे, केशरी, आणि तो रागावलेलाही. पिशवी टाकीत तरंगत ठेवून, पाण्याला पाणी सवयीचं करून, तिने त्यांना इतकं हळू सोडलं की पाण्यावर एक तरंगही उठला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी कालव्याच्या पायऱ्यांवर दोघं बसले. पाणी संथ होतं. बोलता बोलता तो मध्येच म्हणाला, "माझं तुम्हाला एक सांगायचं राहिलंय..."

ती वाट बघत राहिली.

तो तिच्या चेहऱ्याकडे बघून हसला. "पुढच्या वेळी सांगतो."

काय सांगणार ते आपल्याला कळलं, असं तिला वाटलं. घरी येताना ती गुणगुणत होती.

घरी भिंगरी टाकीपुढे बसली होती. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, जसं काही पाण्यातली हवाच कुणी काढून घेतली होती. आधी केशरी उलटे झाले. मग पट्ट्यांचे. रागावलेला सगळ्यात चिवट निघाला. खड्यांना टेकून तो कितीतरी वेळ कल्ले हलवत राहिला.

फोन केल्याबरोबर काका धावत आला. टाकीतलं पाणी काढून त्याने बादलीत ठेवलेलं पाणी भरलं, हवेची नळी लावली, पण उशीर झाला होता. रागावलेल्याला त्याने जाळीने बाहेर काढलं. मग भिंगरीकडे वळला.

"खायला किती घातलं होतंस गं?"

"चिमूटभर." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "...दोनदा. त्यांना भूक लागली होती."

त्याने मावशीकडे बघितलं. मग टाकीकडे. "तेच. जास्त झालं असणार. होतं असं. तू लहान आहेस."

भिंगरी रडली नाही. तिने खाण्याचा डबा उचलला, खुर्ची ओढली, आणि डबा कपाटावर अगदी मागे, आपला हात पोहोचणार नाही अशा जागी ढकलून दिला. खाली उतरली आणि तिने हात पाठीमागे नेले.

मावशीला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी पर्समध्ये किल्ली शोधताना हाताला ती औषधाची बाटली लागली. तपासणीच्या दिवशीची. तिच्यातलं अर्धं पाणी उरलं होतं. मासे टाकीत येण्याच्या आधीचं पाणी, भिंगरीने माशांना चिमूटभरही घालायच्या आधीचं.

मासे देताना काकाने थेंबांची एक बाटली आणि एक काचनळीही सोबत दिली होती. तिने नळी भरली, थेंब टाकले, हलवली, थांबली.

हिरवं.

ती खाली बसली. मग एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली. 'तुम्ही सांगा, कसा दिसतोय?' उशिरा आलेलं हसू. तपकिरी छत्री.

आता तिने काय करायला हवं होतं? त्याच्या शेजारी बसून विचारायला हवं होतं, 'तुम्हाला हे रंग वेगळे दिसत नाहीत का?' इतकंच. पण तिच्या डोळ्यांपुढून ते पाठीमागे गेलेले चिमुकले हात हलत नव्हते. ती आपल्या दुकानातली रंगीत ठिपक्यांची पानं घेऊन गेली. त्या ठिपक्यांत आकडा लपलेला असतो; रंग ओळखणाऱ्याला दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही. त्याच्या टेबलावर तिने पान उघडून ठेवलं आणि रोजच्या कामाच्या आवाजात म्हणाली, "यात कोणता आकडा दिसतो?"

त्याने पानाकडे बघितलं. कितीतरी वेळ. मागे बुडबुडे वर जात होते.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही मला तपासलंत."

"विचारायला जागा ठेवली होती तुम्ही?"

"कालव्यावर तेच सांगणार होतो."

तिला तर वेगळंच काही वाटलं होतं. म्हणजे ते... ते हे होतं?

"लहानपणी शाळेत पोरं चिडवायची," तो म्हणाला. "वडील म्हणायचे, पाण्याच्या धंद्यात तुझं काम नाही. म्हणून मी लोकांनाच विचारायला लागलो. लोकांना वाटलं, मी शिकवतो. मीही तसंच वाटू दिलं."

"मला त्याचं काही वाटत नाही. रंग दिसत नाही, यात लाजण्यासारखं काय आहे? पण तुम्ही पोरीवर ढकललंत. घरात आधीच सगळे तिला म्हणतात, हिच्या हातात काही टिकत नाही. तुम्ही त्यावर शिक्का मारलात."

त्याने ठिपक्यांचं पान मिटलं. "तोंडातून गेलं. मी घाबरलो."

"मग आता घरी या. तिला एवढंच सांगा, चूक तुझी नव्हती."

"लहान आहे ती. गल्लीभर सांगेल. मग माझ्याकडून पाणी कोण तपासून घेईल?" त्याचा आवाज हळू झाला. "विसरेल ती. मुलं विसरतात."

"नाही विसरत."

"...बरं. येतो मी. सांगतो."

तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग एका संध्याकाळी दुकानातल्या कुणाच्या तरी हाती पिशवी आली. पाण्याने फुगलेली, आत नवे मासे. पट्ट्यांचे, केशरी. निरोप काहीच नाही.

भिंगरी पिशवीकडे बघून दोन पावलं मागे सरकली. "नको," ती म्हणाली. "माझ्याकडे नको ठेवू. मरतील."

मावशी तशीच उठली आणि पिशवी घेऊन दुकानात गेली.

"हे तुमचे मासे," तिने पिशवी टेबलावर ठेवली. "ती त्यांना घाबरते."

"मला जमलं नाही हो," तो म्हणाला. "तुमच्या दारापर्यंत आलो होतो. दोनदा." मग एकदम, पिशवीकडे बघतच, "तुम्ही मला फार आवडता."

हेच ऐकायला ती इतके आठवडे बाटली भरून आणत होती. आता ते आलं, आणि कुठे ठेवावं तेच तिला कळेना.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "म्हणूनच तर त्या दिवशी मी नळीकडे बघितलं नाही. ती चूक माझी आणि मी ती पोरीला सांगणार आहे. तुमचीही मलाच सांगावी लागणार, असं दिसतंय."

"परत याल?"

तिने पिशवी त्याच्याकडे सरकवली. हिरवी छत्री उचलली आणि पायरी उतरली. हीच ती पायरी, टाकी टेकवलेली.

घरी तिने भिंगरीला जवळ बसवून सगळं सांगितलं. बाटलीतलं पाणी, नळी, न बघता मानलेला रंग. काही लोकांना हिरवं आणि पिवळं एकसारखंच दिसतं, हेही.

भिंगरीने रिकाम्या टाकीकडे बघितलं. "मग त्यांनी मला विचारायचं ना," ती म्हणाली. "मी तिथेच होते."

मावशीने तोंड फिरवलं.

पुढे कितीतरी दिवस त्या दोघी ती गल्ली टाळून लांबून जायच्या. एकदा लांबच्या रस्त्यावर खोदकाम निघालं आणि त्यांना दुकानापुढून जावं लागलं. मावशी भरभर चालत होती. दुकानात एक गृहस्थ उभे होते, कानाला फोन. काका नळी धरून विचारत होता, "कसा दिसतोय?" गृहस्थ हाताने 'तुम्हीच बघा' अशी खूण करत होते.

काकाने नळी दिव्याखाली नेली.

भिंगरीने मावशीचा हात सोडला. पायरी चढून आत गेली, टेबलाशी टाचा उंचावून उभी राहिली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "हिरवं."

काकाने तिच्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले... काहीतरी सांगायला उघडले. पण गृहस्थांनी फोन खाली केला होता.

"हिरवं आहे," तो त्यांना म्हणाला. "आज मासे नाही देता येणार."

बाकीचं त्याच्या ओठांवरच राहिलं. त्याने दाराकडे बघितलं. बाहेर मावशी उभी होती, छत्री घट्ट धरून. ती आत आली नाही. तोही बाहेर आला नाही.

भिंगरी परत येऊन मावशीचा हात धरून चालू लागली. गल्लीत ओळखीचे दोघंचौघं भेटले. तिने कुणाला काही सांगितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

घरी आल्यावर मात्र तिने खुर्ची ओढली. वर चढली, चवड्यांवर उभी राहिली, आणि तरी पोहोचेना म्हणून मावशीच्या छत्रीच्या दांड्याने कपाटावरचा डबा पुढे ओढला. खाली उतरून झाकण उघडलं. दोन बोटांत बसेल एवढंच खाणं घेतलं, जास्त झालेलं परत डब्यात झटकलं, आणि उरलेली चिमूट त्या रिकाम्या टाकीत सोडली.